केमाल अतातुर्क : विजयानंतरचे राज्य

रणांगणावर विजय मिळविणारे सेनापती इतिहासाने पुष्कळ पाहिले आहेत आणि त्या विजयाच्या बळावर राज्य बळकावणारेही काही कमी पाहिलेले नाहीत. परंतु लढाई जिंकणे आणि राज्य चालविणे ही दोन भिन्न कामे आहेत. पहिल्यात उपयोगी पडलेले गुण दुसऱ्यात अपुरे पडतात, प्रसंगी घातकही ठरतात, याची जाणीव ठेवून वागलेले सेनानी मात्र विरळाच. तुर्की प्रजासत्ताकाचा संस्थापक मुस्तफा केमाल अतातुर्क याची गणना अशा विरळ पुरुषांत करावी लागते. आपल्याकडे त्याचे नाव निघाले की फेज टोपीवरील बंदी, रोमन लिपीचा स्वीकार आणि खिलाफतीचा शेवट या गोष्टींची आठवण होते. त्या महत्त्वाच्या आहेतच. परंतु त्याच्या कार्याचा पाया याहून खोल आणि बऱ्याच अंशी आर्थिक स्वरूपाचा होता. तो पाया कसा घातला गेला आणि त्याचे मोल कोणी दिले, हे दोन्ही प्रश्न त्याच्या चरित्राचा विचार करताना टाळता येत नाहीत.

कर्जबाजारी साम्राज्य

केमालचा जन्म १८८१ साली सॅलोनिका या बंदराच्या गावी झाला. आज ग्रीसमध्ये असलेले हे शहर त्या वेळी ऑटोमन साम्राज्यात होते. त्याच वर्षाच्या अखेरीस त्या साम्राज्याच्या इतिहासातील एक अत्यंत मानहानिकारक घटना घडली. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धासाठी सुलतानाने पहिले परदेशी कर्ज काढले होते. पुढील वीस वर्षे कर्जावर कर्ज चढत गेले, त्यातील मोठा भाग राजवाडे व युद्धनौका यांवर खर्च झाला आणि १८७५ साली सरकारला हप्ते थकवावे लागले. अखेर १८८१ मध्ये युरोपीय सावकारांच्या प्रतिनिधींचे एक कर्जव्यवस्थापन मंडळ इस्तंबूलमध्ये स्थापन झाले आणि मीठ, तंबाखू, मुद्रांक, मद्य, मासळी व रेशीम यांवरील उत्पन्न त्याच्या हवाली करण्यात आले. म्हणजे राज्याच्या तिजोरीचा एक मोठा कप्पा परक्यांच्या हाती गेला. याच्या जोडीला विशेषाधिकारांचे जुने करार होतेच. त्यांच्यामुळे परदेशी व्यापाऱ्यांवर तुर्की न्यायालयांची सत्ता चालत नसे, अनेक करांतून त्यांना सूट असे आणि परकी राष्ट्रांच्या संमतीवाचून सरकारला आयात जकातही वाढविता येत नसे.

केमालचा बाप अली रझा हा याच जकात खात्यात कारकून होता. नोकरी सोडून त्याने लाकडाचा व्यापार आरंभिला. तो बुडाला आणि त्यानंतर लवकरच, मुलगा सात-आठ वर्षांचा असताना, तो वारला. विधवा आई झुबेदे हिची इच्छा मुलाने धार्मिक शिक्षण घ्यावे अशी होती. मुलाने मात्र आईला न सांगता लष्करी शाळेची प्रवेशपरीक्षा दिली. त्या शाळेतील गणिताच्या शिक्षकाने या हुशार विद्यार्थ्याला केमाल, म्हणजे परिपूर्णता, हे दुसरे नाव दिले आणि तेच पुढे जगभर प्रसिद्ध झाले. मोनास्तिर येथील लष्करी विद्यालय आणि नंतर इस्तंबूलची सैनिकी अकादमी असे टप्पे ओलांडून १९०५ साली तो कॅप्टन म्हणून बाहेर पडला. सुलतान अब्दुल हमीदच्या दडपशाहीविरुद्ध खलबते केल्याच्या संशयावरून त्याला काही काळ अटकेत ठेवण्यात आले आणि नंतर दूर दमास्कसला पाठविण्यात आले.

१९०८ साली तरुण तुर्कांची क्रांती झाली. केमाल त्या चळवळीत होता. पण एन्वर पाशासारख्या तिच्या पुढाऱ्यांशी त्याचे कधीच जमले नाही. अधिकाऱ्यांनी एकतर सैन्यात राहावे नाहीतर राजकारणात उतरावे, दोहोंची सरमिसळ केल्यास सैन्यही नासते व राज्यही नासते, असे मत तो त्या काळातच मांडू लागला होता. पुढील घटनांनी त्याचे म्हणणे खरे ठरविले. १९११ मध्ये इटलीने लिबियावर आक्रमण केले, तेव्हा तो तोब्रुक व देर्ना येथे लढला. तो तेथे असतानाच बाल्कन युद्ध पेटले आणि १९१२ साली त्याचे जन्मगाव सॅलोनिका ग्रीकांच्या हाती पडले. त्याच्या आईला इतर हजारो निर्वासितांप्रमाणे इस्तंबूलचा रस्ता धरावा लागला.

गॅलिपोली आणि पराभव

पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानने जर्मनीच्या बाजूने उतरू नये असे केमालचे मत होते. सरकारने ते ऐकले नाही. २५ एप्रिल १९१५ रोजी दोस्तांच्या फौजा गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरल्या, तेव्हा केमाल एकोणिसाव्या डिव्हिजनचा प्रमुख होता. वरिष्ठांच्या हुकमाची वाट न पाहता त्याने आपली पलटण टेकड्यांवर नेली आणि ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या सैन्याला उंचावरचा माथा मिळू दिला नाही. ऑगस्टमध्ये चोंकबायिर येथील लढाईत बॉम्बगोळ्याचा एक तुकडा त्याच्या छातीवर आदळला. खिशातल्या घड्याळाने जीव वाचविला. जानेवारी १९१६ पर्यंत दोस्तांना माघार घ्यावी लागली. दोन्ही बाजूंचे मिळून लाखाहून अधिक सैनिक तेथे कामास आले. दोस्तांच्या बाजूने लढणाऱ्यांत शीख व गुरखा पलटणीही होत्या. मराठी मुलखातील घरांना तुर्कांशी झालेल्या या युद्धाची झळ पोहोचली ती मेसोपोटेमियातून. एप्रिल १९१६ मध्ये कुट-अल-अमारा येथे सहाव्या पुणे डिव्हिजनला शरण जावे लागले आणि तिच्यात मराठा पलटणीही होत्या.

गॅलिपोलीने केमालला कीर्ती दिली, तरी साम्राज्याचा पराभव टळला नाही. ३० ऑक्टोबर १९१८ रोजी मुद्रोस येथे शस्त्रसंधी झाला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी दोस्तांच्या युद्धनौका इस्तंबूलच्या बंदरात शिरल्या आणि नेमक्या त्याच दिवशी केमाल सीरियाच्या आघाडीवरून राजधानीत परतला. १५ मे १९१९ रोजी ग्रीक सैन्य इझमीर येथे उतरले. पुढल्याच दिवशी केमालने इस्तंबूल सोडले. अनातोलियातील अशांतता मोडून उरलेल्या सैन्याची शस्त्रे गोळा करण्यासाठी सुलतानाच्या सरकारने त्याला निरीक्षक म्हणून पाठविले होते. १९ मे रोजी तो सामसुन येथे उतरला आणि त्याने सोपविलेल्या कामाच्या नेमके उलट काम हाती घेतले.

सनदेचा शोध

सरकारने त्याला परत बोलाविले. तो गेला नाही. ८ जुलै १९१९ च्या रात्री त्याने सैन्याच्या नोकरीचा राजीनामा दिला. या राजीनाम्याचे मर्म ध्यानात घेतले पाहिजे. त्या दिवसापासून त्याच्याजवळ हुद्दा नव्हता, पगार नव्हता आणि कायदेशीर अधिकारही नव्हता. एर्झुरुमचा सेनापती काझिम काराबेकिर याला त्याच्या अटकेचा हुकूम आला होता. त्याने अटक न करता सलाम केला आणि आपले सैन्य त्याच्या पाठीशी उभे केले. बंडाला लागणारे बळ एवढ्याने मिळाले होते. केमालने मात्र बंडाच्या मार्गाने न जाता जुलै-ऑगस्टमध्ये एर्झुरुम येथे आणि सप्टेंबरमध्ये सिवास येथे प्रतिनिधींच्या परिषदा भरविल्या, ठराव संमत करून घेतले आणि २३ एप्रिल १९२० रोजी अंकारा येथे राष्ट्रीय महासभा बोलाविली. बळ सैन्याचे, पण सनद सभेची, हे सूत्र त्याने इतक्या लवकर आणि इतक्या कठीण काळात पकडले होते. इस्तंबूलच्या लष्करी न्यायालयाने त्याच्या गैरहजेरीत त्याला देहान्ताची शिक्षा फर्मावली, तेव्हा तो या महासभेचा अध्यक्ष होता.

ही महासभा आज्ञाधारक नव्हती. तिच्यात मौलवी होते, वकील होते, जमीनदार होते, सुलतानाचे निष्ठावंतही होते आणि केमालला तेथे दररोज वाद घालावा लागे. ऑगस्ट १९२० च्या सेव्हर तहाने तुर्कांना अनातोलियाच्या एका तुकड्यापुरते उरविले होते. १९२१ च्या उन्हाळ्यात ग्रीक सैन्य अंकाऱ्यापासून शंभर किलोमीटरांच्या आत येऊन ठेपले. तेव्हा महासभेने ५ ऑगस्ट रोजी त्याला सरसेनापती नेमले, पण तेही केवळ तीन महिन्यांच्या मुदतीने. संकटाच्या घटकेलाही अधिकाराला मुदत घालणारी सभा आणि ती मुदत मान्य करणारा सेनापती, दोघेही दाद देण्याजोगे होते.

युद्धाला पैसा लागतो आणि तो तर नव्हता. सोव्हिएत रशियाने सोने व शस्त्रे दिली, हिंदी मुसलमानांनी वर्गणी पाठविली. पण मुख्य भार पडला तो अनातोलियातील गरीब घरांवर. सरसेनापती होताच केमालने राष्ट्रीय आकारणीचे दहा हुकूम काढले. प्रत्येक घराने सैनिकासाठी एक अंतर्वस्त्र, एक मोज्यांचा जोड व एक पादत्राणांचा जोड द्यावा. व्यापाऱ्यांनी कापड, चामडे, पीठ, साबण अशा मालाच्या साठ्यातील चाळीस टक्के पावतीवर द्यावेत. शेतकऱ्यांच्या बैलघोड्यांपैकी पाचवा हिस्सा घ्यावा, असे त्यांचे स्वरूप होते. बैलगाड्यांतून दारूगोळा वाहण्याचे काम गावोगावच्या स्त्रियांनी केले. साकार्या नदीकाठी बावीस दिवस चाललेली लढाई घोड्यावरून पडून बरगडी मोडलेल्या सेनापतीने जिंकली हे खरे. परंतु ती या मोज्यांनी, पिठाने आणि बैलांनीही जिंकली. पुढे २६ ऑगस्ट १९२२ रोजी अंतिम चढाई सुरू झाली आणि ९ सप्टेंबर रोजी तुर्की घोडदळ इझमीरमध्ये शिरले. त्यानंतर काही दिवसांतच त्या संपन्न शहराचा मोठा भाग आगीत भस्मसात झाला आणि लक्षावधी ग्रीक व आर्मेनियन माणसे धक्क्यावर अडकून पडली. विजयाच्या इतिहासातील ही काळी बाजू विसरता येत नाही.

लढाईनंतरची लढाई

विजयी सेनापती या घटकेला काय करतो यावरच पुढचे सारे अवलंबून असते. जन्मगाव सॅलोनिका पुन्हा जिंकावे, अरब प्रांत परत घ्यावेत असे म्हणणारे कमी नव्हते. केमालने त्यांना दाद दिली नाही. १ नोव्हेंबर १९२२ रोजी सुलतानपद रद्द झाले आणि लोझान येथे वाटाघाटी सुरू झाल्या. विशेषाधिकारांच्या प्रश्नावर त्या फेब्रुवारी १९२३ मध्ये मोडल्या, तेव्हा त्याच महिन्यात जळक्या इझमीर शहरात केमालने एक आर्थिक परिषद भरविली. शेतकरी, व्यापारी, कारखानदार आणि कामगार अशा चार गटांचे अकराशेहून अधिक प्रतिनिधी तिला जमले होते. रणांगणावरील विजयाला आर्थिक विजयाची जोड मिळाली नाही तर तो टिकत नाही, हा या परिषदेतील त्याच्या भाषणाचा गाभा होता.

२४ जुलै १९२३ च्या लोझान तहाने विशेषाधिकार संपुष्टात आले. परंतु किंमत द्यावी लागली. आयात जकातीचे दर १९२९ पर्यंत गोठविले गेले आणि ऑटोमन कर्जाचा सुमारे दोन तृतीयांश भार नव्या राज्याच्या माथी आला. शिवाय त्याच सुमारास झालेल्या करारान्वये सुमारे बारा लाख ग्रीक ख्रिस्ती आणि सुमारे चार लाख मुसलमान यांची सक्तीची अदलाबदल झाली. आर्मेनियन समाज १९१५ च्या हद्दपारीत व कत्तलीत आधीच नष्टप्राय झाला होता. साम्राज्यातील व्यापार, सावकारी व कारागिरी मुख्यत्वे या दोन समाजांच्या हाती होती. साहजिकच २९ ऑक्टोबर १९२३ रोजी प्रजासत्ताक घोषित झाले, तेव्हा केमालच्या हाती आलेल्या देशात व्यापारी नव्हते, भांडवल नव्हते आणि कसबी कामगारही फारसे नव्हते. १९२७ च्या पहिल्या शिरगणतीत लोकसंख्या १ कोटी ३६ लाख भरली. साक्षर जेमतेम दहांत एक होता.

खिलाफत आणि हिंदुस्थान

३ मार्च १९२४ रोजी महासभेने खिलाफत रद्द केली. हिंदुस्थानात हा प्रहार विशेष जिव्हारी लागला. मुंबईत मुख्य कचेरी असलेल्या मध्यवर्ती खिलाफत समितीने केमालच्या लढ्यासाठी पैसा गोळा केला होता. गांधीजींनी असहकाराच्या चळवळीत खिलाफतीचा प्रश्न गोवला होता. ज्याला इस्लामची तलवार म्हणून गौरविले त्यानेच खलिफाला देशाबाहेर घालविले. आगाखान आणि अमीर अली या दोन हिंदी मुसलमान पुढाऱ्यांनी खिलाफत राखण्याची विनंती करणारे पत्र पंतप्रधान इस्मतला पाठविले होते. ते सरकारच्या हाती पडण्यापूर्वीच इस्तंबूलच्या वृत्तपत्रांत छापले गेले, त्यामुळे परकी हस्तक्षेपाचा बोभाटा झाला आणि खिलाफतीच्या विरोधकांचे फावले. हिंदी वर्गणीच्या पैशाचा शेवटही लक्षणीय आहे. त्यातील शिल्लक रकमेतून केमालने १९२४ साली तुर्कस्तानची पहिली मोठी राष्ट्रीय व्यापारी बँक, इश बँक, उभी करण्यास भांडवल दिले. पदच्युत खलिफा पुढे निजामाच्या तनख्यावर फ्रान्समध्ये राहिला आणि त्याची कन्या दुरुशेहवार हैदराबादच्या राजघराण्यात सून म्हणून आली.

गणवेश की सभासदत्व

खिलाफतीच्या गलबल्यात त्याच दिवशी झालेला आणखी एक निर्णय झाकला गेला. सरसेनापतीचे स्थान मंत्रिमंडळातून काढून टाकण्यात आले. त्याच वर्षी पुढे जे सेनाधिकारी महासभेचेही सभासद होते त्यांना दोहोंपैकी एक निवडण्यास सांगण्यात आले. मार्शल फेव्झी चाकमाक याने सभासदत्व सोडले आणि तो सैन्यात राहिला. काझिम काराबेकिर व अली फुआत यांनी सैन्य सोडले आणि ते राजकारणात आले. स्वतः केमाल १९२७ साली सैन्यातून रीतसर निवृत्त झाला आणि राष्ट्राध्यक्ष म्हणून नागरी पोशाखातच वावरू लागला. तरुणपणी मांडलेले तत्त्व सत्ता हाती आल्यावर त्याने सोडले नाही.

परंतु येथेच या कहाणीतील विसंगती समोर येते. राजकारणात आलेल्या त्याच जुन्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९२४ मध्ये विरोधी पक्ष काढला, तेव्हा तो सात महिनेही टिकू दिला गेला नाही. पूर्वेकडे शेख सैदचे कुर्दी बंड झाले, सुव्यवस्थेचा कायदा आला, विशेष न्यायासने बसली आणि जून १९२५ मध्ये पक्ष बंद झाला. पुढील वर्षी केमालच्या खुनाचा कट इझमीरमध्ये उघडकीस आला. त्यानंतरच्या खटल्यांत कटवाले फासावर गेलेच, पण ज्यांचा कटाशी संबंध नीट सिद्ध झाला नव्हता असेही काही गेले. माजी अर्थमंत्री जाविद हा त्यांपैकी एक. ज्याने एर्झुरुमला सलाम केला होता तो काराबेकिर आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. त्याची सुटका झाली, पण राजकारणातून तो उठला. सैन्याला राजकारणाबाहेर ठेवणाऱ्या राज्यकर्त्याला विरोधकांना मात्र राजकारणात ठेवता आले नाही.

सुधारणांचा वेग

याच काळात सुधारणांचा धडाका सुरू होता. १९२५ मध्ये फेज टोपीवर बंदी आली. तिला विरोध करणाऱ्यांपैकी काहींना प्राणास मुकावे लागले. १९२६ मध्ये स्विस कायद्याच्या धर्तीवर नागरी संहिता आली आणि बहुपत्नीकत्व संपले. विवाह, घटस्फोट व वारसा यांत स्त्रीला कायद्याचे संरक्षण मिळाले. १९३० साली स्थानिक आणि १९३४ साली राष्ट्रीय निवडणुकांत स्त्रियांना मताधिकार मिळाला, त्या वेळी फ्रान्समधील स्त्रियांना तो नव्हता. १ नोव्हेंबर १९२८ रोजी नव्या लिपीचा कायदा झाला. तुर्की भाषेतील स्वर अरबी लिपीत नीट मावत नसत, त्यामुळे शिकणे अवघड होते, हा युक्तिवाद खरा होता. राष्ट्राध्यक्ष स्वतः फळा व खडू घेऊन गावोगाव फिरला, प्रौढांसाठी राष्ट्रशाळा निघाल्या आणि काही वर्षांत साक्षरतेचे प्रमाण जवळपास दुप्पट झाले. पण आजोबांची पत्रे व पुस्तके नातवांना वाचता येईनाशी झाली, ही हानीही तितकीच खरी होती.

शेतकरी, जकात आणि कारखाना

आर्थिक क्षेत्रात पहिला निर्णय शेतकऱ्याच्या बाजूचा झाला. पिकाच्या सुमारे दशमांशाएवढा असलेला शेतसारा इजारदारांमार्फत वसूल होई आणि तीच खेड्यातल्या पिळवणुकीची मुख्य वाट होती. हा कर राज्याच्या उत्पन्नाचा फार मोठा आधार असूनही १९२५ साली तो रद्द करण्यात आला. रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी मात्र साखर, मीठ, रॉकेल यांसारख्या वस्तूंवरील भार वाढला. म्हणजे एका दाराने गेलेला कर काही अंशी दुसऱ्या दाराने परत आला.

१९२९ साली दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. लोझानचे बंधन संपून जकात वाढविण्याचा अधिकार मिळाला आणि त्याच सुमारास जागतिक मंदी कोसळली. गव्हाचे भाव निम्म्याहून खाली गेले. खाजगी भांडवलाची वाट पाहत बसण्यात अर्थ उरला नाही. १९३० साली मध्यवर्ती बँकेचा कायदा झाला आणि परकी भांडवलाच्या ऑटोमन बँकेकडे असलेला नोटांचा अधिकार राज्याकडे आणण्याची व्यवस्था झाली. १९३३ मध्ये सुमेर बँक निघाली आणि १९३४ पासून पहिली पंचवार्षिक औद्योगिक योजना सुरू झाली. भारताची पहिली योजना १९५१ ची आहे हे ध्यानात घेतले म्हणजे या पावलाचे महत्त्व कळते. सोव्हिएत रशियाच्या ऐंशी लक्ष डॉलरच्या बिनव्याजी कर्जावर कायसेरी व नाझिल्ली येथे कापडगिरण्या उभ्या राहिल्या; काराबुक येथील पोलाद कारखान्याला ब्रिटिश कर्ज मिळाले. परकी मालकीचे लोहमार्ग विकत घेण्यात आले आणि नवे मार्ग टाकण्यात आले. रशियाचे कर्ज घेऊनही केमालने रशियाची विचारसरणी घेतली नाही आणि ब्रिटनचे घेऊनही ब्रिटनचे ओझे मानले नाही. कर्ज काढावे ते राजवाड्यासाठी नव्हे तर कारखान्यासाठी, आणि एकाच सावकाराच्या दारात उभे राहू नये, हा १८८१ च्या अनुभवाचा धडा होता.

या धोरणाच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. जमिनीच्या वाटपाला हात लागला नाही. खेड्यातील मोठे जमीनदार पक्षाचे आधारस्तंभच राहिले. १९३६ च्या कामगार कायद्याने संपावर बंदी घातली. १९३० साली केमालच्याच सूचनेवरून त्याचा मित्र फेथी याने स्वतंत्र प्रजासत्ताक पक्ष काढला, तेव्हा मंदीने गांजलेल्या लोकांनी इझमीरमध्ये त्याच्या स्वागताला एवढी गर्दी केली की सत्ताधारी हादरले. शंभर दिवस पुरे होण्याआधीच तो पक्ष विसर्जित झाला. लोक काय म्हणतात हे राज्यकर्त्याला ऐकायचे होते, पण ते एवढ्या मोठ्याने ऐकण्याची त्याची तयारी नव्हती. १९३७-३८ साली डर्सिमच्या डोंगरी मुलखात झालेल्या लष्करी कारवाईत हजारो माणसे मारली गेली. एकभाषिक राष्ट्राच्या कल्पनेची ती सर्वांत जबर किंमत होती.

शेवट आणि वारसा

परराष्ट्र धोरणात मात्र या सेनापतीने शस्त्राचा मोह सतत टाळला. १९३० साली ग्रीसचा पंतप्रधान व्हेनिझेलोस अंकाऱ्याला आला. ज्याच्या सैन्याचा केमालने पराभव केला होता त्याच व्हेनिझेलोसने पुढे शांततेच्या नोबेल पारितोषिकासाठी त्याचे नाव सुचविले. १९३६ च्या मोंत्र करारान्वये सामुद्रधुन्यांवरील तुर्की हक्क एकही गोळी न झाडता परत मिळाला. १९३४ साली महासभेने त्याला अतातुर्क, म्हणजे तुर्कांचा पिता, हे आडनाव दिले होते. परंतु रात्रीची जागरणे आणि मद्य यांनी शरीर पोखरले होते. १० नोव्हेंबर १९३८ रोजी इस्तंबूलच्या दोल्माबाहचे राजवाड्यात यकृताच्या विकाराने त्याचे निधन झाले. तेव्हा तो ५७ वर्षांचा होता. स्वतःची शेतीवाडी त्याने आदल्याच वर्षी राज्याला देऊन टाकली होती.

त्याच्यामागून सत्तेसाठी सैन्यांची झुंज झाली नाही. दुसऱ्याच दिवशी महासभेने इस्मत इनोनू याला राष्ट्राध्यक्ष निवडले. १९५० च्या निवडणुकीत अतातुर्कचा पक्ष हरला आणि इनोनूने सत्ता शांतपणे विरोधकांच्या हवाली केली. इश बँकेचा पहिला व्यवस्थापक जेलाल बायार राष्ट्राध्यक्ष झाला. १९५४ साली जुन्या ऑटोमन कर्जाचा शेवटचा हप्ता फेडण्यात आला. पहिल्या कर्जाला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती.

तथापि चित्राची दुसरी बाजूही आहे. १९६०, १९७१ व १९८० साली तुर्की सेनाधिकाऱ्यांनी राजकारणात हस्तक्षेप केला आणि प्रत्येक वेळी अतातुर्कच्या वारशाचे रक्षण हेच कारण पुढे केले. १९६१ मध्ये लोकांनी निवडलेला पंतप्रधान मेंदेरेस फासावर चढविला गेला. ज्याने गणवेश आणि सभासदत्व यांतून एक निवडा असे सांगितले त्याच्याच नावाने गणवेशाने सभा बरखास्त कराव्यात, यापरता दैवदुर्विलास नाही. परंतु तो केवळ वारसदारांचा दोष म्हणून सोडून देता येत नाही. सैन्याला बरॅकीत पाठविणे हे अर्धे काम होते. त्याच्या जागी स्वतंत्र न्यायालय, निर्भय वृत्तपत्र आणि टिकाऊ विरोधी पक्ष उभा राहिला असता तर राज्याचे रक्षण करण्यासाठी सैन्याला बोलावण्याची सबब कोणाला मिळाली नसती. ते उरलेले अर्धे काम अतातुर्कने मागे ठेवले.

तरीही त्याच्या हयातीचा ताळेबंद मांडताना जमेची बाजू मोठी ठरते. परक्या सावकारांच्या कह्यातील, पराभूत आणि निरक्षर देशाला त्याने पंधरा वर्षांत स्वतःची जकात, स्वतःची बँक, स्वतःची शाळा आणि स्वतःचा कायदा मिळवून दिला. खर्चाची बाजू भरली ती कुर्दांनी, बोलण्याची मुभा नसलेल्या कामगारांनी, आपल्याच क्रांतीतून बाहेर फेकल्या गेलेल्या साथीदारांनी आणि पोटाला चिमटा घेऊन मोजे व पीठ देणाऱ्या खेडुतांनी. राष्ट्रनिर्मात्यांची चरित्रे वाचताना या दोन्ही बाजू एकाच वहीत लिहिलेल्या असतात, हे विसरून चालत नाही.